बटाट्याची नाममुद्रा

"काकू, ह्यानं माझी बोट चोरली!"

शनिवारी सकाळी साडेदहाला बहारीनमधल्या नईम वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हा गुन्हा घडला. फिर्यादी दुसऱ्या मजल्यावरची, वय साडेसात. आरोपी आमचे चिरंजीव, वय सात. मुद्देमाल, म्हणजे ती बोट, फिर्यादीच्याच वहीत, शिडासकट शाबूत होती. मी तसं म्हणालेसुद्धा, "अगं, ही काय तुझी बोट. आहे की." त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता ही न्यायाधीश बदलून मागणार. मग तिनं बोट दाखवलं ते चिरंजीवांच्या कागदाकडे. तिथेही तीच. तसंच पुढचं उंच टोक, तसंच तिरकं शीड, तसाच पंचकोनी झेंडा. फक्त चिरंजीवांची रेघ जरा जास्त सफाईची. खरं दुखणं तिथंच होतं. नक्कल वाईट झाली असती तर ती हसून मोकळी झाली असती.

आरोपीनं कृत्य कबूल केलं, गुन्हा नाही. "मी तिची बोट घेतली नाही. मी फक्त बघितली."

आता यावर काय बोलणार! इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. शनिवारी इमारतीतली आणि गल्लीतली पाच-सहा मराठी पोरं आमच्या हॉलमध्ये जमतात आणि मी त्यांना बाराखडी, गोष्टी, थोडी चित्रकला असं शिकवते. शिकवते म्हणजे त्यांचे आईबाप दोन तास निवांत झोपतात. ज्ञ आणि क्ष पर्यंतची माझी तयारी असते. न्यायदानाची नव्हती.

बोटीचं वेड पोरांना या वस्तीतूनच लागलं. नईम आज मनामा शहराच्या पोटात गेलंय. अरुंद गल्ल्या, कोपऱ्यावर खुबूस रोटीची भट्टी, दर दहा पावलांवर कोल्ड स्टोअर. (कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाण्याचं दुकान. पहिल्या महिन्यात मी तिथे बर्फाची चौकशी केली होती.) पण पूर्वी ही गलबतं बांधणाऱ्यांची वस्ती होती. त्या कारागिरांना अरबीत 'कल्लाफ' म्हणतात. सागवान यायचं आपल्या मलबार किनाऱ्यावरून. कागदावर आराखडा काढायची रीत नव्हती. अख्खं गलबत उस्तादाच्या नजरेत असायचं आणि हाताखालचा पोरगा ते बघूनबघून उचलायचा. "माझ्या बोटीसारखी बोट का बांधलीस?" असं एखादा उस्ताद रुसून म्हणाला असता, तर आखातात दुसरं गलबत पाण्यात उतरलंच नसतं. म्हणजे नईमच्या जुन्या कायद्यानं बघितलं, तर चिरंजीव निर्दोष.

आणि मराठीच्या कायद्यानं? आपण तर नकलेवरच वाढलो. धुळाक्षरं गिरवली, मग कित्ता गिरवला. थोरामोठ्यांचा कित्ता गिरवावा, असं अजूनही प्रत्येक गौरव समारंभात सांगतात, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चारच्या आकड्याचे पक्षी, कौलारू घर, घरामागून निघून भलतीकडेच जाणारी नदी, हे चित्र मी काढलं, माझ्या आईनं काढलं, आणि आता चिरंजीवही काढतात. वास्तविक बहारीनमधला सगळ्यात उंच डोंगर, जबल अद्-दुखान, १५० मीटरसुद्धा भरत नाही आणि नदी तर अख्ख्या देशात नाही. ते चित्र मुळात कुणी काढलं? तो किंवा ती सापडली, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराकडून चार-चार आणे जमवून द्यायला हवेत.

निबंधांचं तर बोलूच नये. सातवीत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकाच गाईडातून उतरवला. निम्म्या वर्गाच्या छत्र्या एकाच वळणावर उलट्या झाल्या आणि निम्म्या वर्गाला एकाच आजीनं आल्याचा चहा दिला. बाईंनी मला दहापैकी आठ दिले, माझ्या शेजारणीला सहा. त्या दोन गुणांवरून आम्ही आठवडाभर बोलत नव्हतो. मूळ लेखकाला किती मिळायला हवे होते, हा प्रश्न दोघींनाही पडला नाही.

मुलांना मात्र तो पडतो. येल विद्यापीठातल्या क्रिस्टिना ओल्सन आणि अ‍ॅलेक्स शॉ यांनी २०११ मध्ये यावर एक अभ्यास छापला. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणारा मुलांना आवडतो का, असं त्यांनी तपासलं. पाच वर्षांच्या मुलांनासुद्धा तो आवडत नाही, असं दिसलं. त्याहून लहानांना विशेष फरक पडत नाही. म्हणजे 'कॉपीकॅट!' ही आरोळी आपण शिकवत नाही, ती दुधाचे दात पडायच्या आधीच येते. आपण पुढे गाईड हातात देऊन ती घालवतो, एवढंच.

त्या शनिवारी मी निकाल राखून ठेवला आणि दोघांना खजूर देऊन गप्प केलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळी वरात घेऊन राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. म्युझियम १९८८ पासूनचं, समुद्राच्या काठावर. पोरांना हवा होता तिथला एसी आणि बाहेरचं आइस्क्रीम. पण दिलमुनच्या, म्हणजे इथल्या प्राचीन संस्कृतीच्या, मुद्रांच्या काचेपाशी गाडी थांबली. चार हजार वर्षांपूर्वीच्या या मुद्रा शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेल्या, गोल, कोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या. मागची बाजू फुगीर, तिच्यावर तीन समांतर रेघा आणि मध्ये ठिपका असलेली चार वर्तुळं. पुढच्या बाजूला हरणं, बैल, माणसं. एकीवर दोघं समोरासमोर बसून एकाच भांड्यातून नळ्यांनी काहीतरी पीत होते. "स्ट्रॉ!" पोरं ओरडली. चार हजार वर्षांपूर्वी बहारीनमध्ये स्ट्रॉ होती, हे ज्ञान घेऊन ती कृतार्थ झाली असती, पण दुसऱ्या मजल्यावरचीनं विचारलं, "ही बटणं कशाला?"

मी सांगितलं. व्यापारी मालाचं भांडं दोरीनं बांधायचा, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यात आपली मुद्रा दाबायचा. माती वाळली की झालं. हा माल अमक्याचा, मध्ये कुणी उघडलेला नाही. तिनं चिरंजीवांकडे एक कटाक्ष टाकला. ती मुद्रा तिला त्याच क्षणी विकत हवी होती.

परतताना गाडीत मला सुचलं, की आपल्या कवींच्या सहीलाही नाममुद्राच म्हणतात की. तुकाराम 'तुका म्हणे' म्हणतात, जनाबाई 'जनी', चोखोबा 'चोखा'. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूंचं नाव जोडून 'एका जनार्दनी' अशी मुद्रा केली. छापखाना नाही, मुखपृष्ठ नाही, गाणं तोंडातोंडी फिरणार. मग नाव ठेवायचं कुठे? शेवटच्या चरणात, गाण्याच्या आतच. नाव काढायला जावं तर चरण मोडतो. बाटलीवर चिठ्ठी डकवण्यापेक्षा दुधातच साखर विरघळवण्यासारखं हे काम आहे आणि मला ते फार हुशारीचं वाटतं.

"सुखकर्ता कुणी लिहिली?" मी मागच्या सीटला विचारलं.

"यूट्यूबनी," एक आवाज आला.

गेल्या वर्षी इथल्या महाराष्ट्र कल्चरल सोसायटीच्या गणपतीत एका बाळानं झकास कविता म्हटली होती. खाली उतरल्यावर मी विचारलं, "कुणाची रे कविता?" तर म्हणाला, "आईच्या मोबाईलची." तेव्हा हसले होते. आता गाडीतच आरतीच्या शेवटच्या कडव्याला पोचलो. तिथे स्वतःला रामाचा दास म्हणवणारा माणूस मुलांना सापडला. तो रामदास, हे कळल्यावर गाडीत जल्लोष झाला. लपाछपीत भिडू सापडावा तसा. घरी येईपर्यंत 'युगे अठ्ठावीस'मधले नामदेवही पकडले गेले.

मग मुद्रा करायला बटाटे आले. अर्धा बटाटा कापायचा, सपाट बाजूवर आकार कोरायचा, पोस्टर कलरमध्ये बुडवायचा आणि दाबायचा. सुरी माझ्या हातात, नक्षी त्यांच्या मनातली. दुसऱ्या मजल्यावरचीनं अर्थातच बोट मागितली. चिरंजीवांनी स्ट्रॉनं ज्यूस पिणारा बैल मागितला. तो कोरताना माझा अंगठा कापला. कलेचा इतिहास रक्तानं लिहिलेला असतो म्हणतात, तसा इथे थोडा माझाही हातभार.

सोमवारपर्यंत आमच्या घरातली प्रत्येक वस्तू चिरंजीवांच्या मालकीची झाली होती. विजेच्या बिलावर बैल. फ्रीजवर बैल. त्याच्या बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर, आतल्या बाजूनं, निळा बैल. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तोच टाहो. ह्यानं तिच्या बोटीच्या चित्रावर, मूळ, अस्सल, पहिल्या चित्रावर, खाली उजव्या कोपऱ्यात आपला बैल उमटवला होता.

"आता ती माझी," चिरंजीव शांतपणे म्हणाले. "मुद्रा माझी आहे ना."

तेव्हा मला सालोमालोची गोष्ट सांगावी लागली. तुकोबांच्या काळी हा एक गृहस्थ होता. परंपरा सांगते, की तो तुकोबांचे अभंग घ्यायचा, 'तुका म्हणे'च्या जागी आपलं नाव घालायचा आणि कीर्तनात आपले म्हणून म्हणायचा. तुकोबांना याचा राग आला होता. गाथेत सालोमालोचं नाव घेऊन सुनावलेलं आहे. जे सावकारीची खतं नदीत बुडवून मोकळे झाले, त्यांनाही शब्दांवरचं नाव पुसलेलं सहन झालं नाही, हे मला स्वतःला विचार करण्यासारखं वाटतं. मुलांना मात्र एवढाच प्रश्न होता, की सालोमालोला शिक्षा काय झाली.

"साडेतीनशे वर्षं झाली," मी म्हणाले, "अजून त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, तो चोर होय?"

सगळे गप्प झाले. शिक्षा त्यांना पुरेशी वाटली असावी. चिरंजीवांनी ओल्या बोटानं बैल पुसायचा प्रयत्न केला आणि बोटीखाली निळा समुद्र तयार झाला.

उलट्या सालोमालोंबद्दल मी मुलांना काही सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. आपल्या ओळी दुसऱ्याच्या पोथीत घुसवणारेही पूर्वीपासून होते. ज्ञानेश्वरीत अशा इतक्या ओव्या शिरल्या होत्या, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून ती शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. आज नाथमहाराजांनी आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बघावा. रोज सकाळी पु. ल. देशपांडे, व. पु. काळे आणि कुसुमाग्रज यांच्या नावानं असं काही येतं, की ते तिघंही आपल्याच नावानं दचकतील. सालोमालोनं निदान चांगला माल तरी उचलला होता. इथे आपलाच कच्चा माल थोरांच्या दारात रात्री नेऊन ठेवतात. करवंट्याच करवंट्या, ताट शोधायचं.

असो. आम्ही शनिवारच्या वर्गाचा एक नियम केला. बघून काढायला बंदी नाही. हवं तेवढं बघा, गिरवा. फक्त खाली लिहायचं, 'अमक्याचं बघून'. फिर्यादीला हे पटलं. आरोपीलाही पटलं, पण जरा जास्तच. "मग परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिलं आणि खाली त्याचं नाव लिहिलं तर चालेल?" मी पोहे परतायला स्वयंपाकघरात गेले. काही प्रश्नांना पोहेच उत्तर असतं.

पण नियम केला, की तो आधी आपल्यालाच चावतो. जानेवारीत चिरंजीवांच्या शाळेनं 'बहारीनमधले जुने व्यवसाय' असा प्रकल्प दिला होता. मी थर्मोकोलचं गलबत केलं, मोती काढणारा पाणबुड्या केला, त्याच्या पायाला दगड बांधला, नाकाला चिमटा लावला, निळ्या जिलेटीनच्या कागदाचा समुद्र केला. रात्रीचा दीड वाजला. खाली पांढऱ्या पट्टीवर सुंदर अक्षरात नाव लिहिलं. चिरंजीवांचं. ते तेव्हा आत झोपले होते. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं ज्या मुलीला मिळालं, तिचे बाबा इंजिनियर आहेत. हे मी त्या संध्याकाळी चार वेळा बोलून दाखवलं, असं चिरंजीवांच्या बाबांकडून मला नंतर सांगण्यात आलं.

नियम केल्यानंतरच्या एका शनिवारी वर्गात बहिणाबाईंची गोष्ट सांगायची पाळी आली. खानदेशातली शेतकरी बाई, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात गाणी रचायची. मुलगा सोपानदेव, तो स्वतः कवी. त्यानं आईची गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. 'बहिणाबाईंची गाणी'. हे सांगता सांगता मीच थबकले. त्या मुलाला काय अवघड होतं? आई लिहिणारी नाही, छापणारी नाही. तो नावाजलेला कवी. एक शब्द बदलला असता, तर कुणाला कळतं? पण पुस्तकावर नाव आईचं.

"म्हणजे आईचं काम आणि मुलानं लिहिलं," चिरंजीव विचारपूर्वक म्हणाले.

"हो."

"आपल्याकडे उलटं आहे ना? माझं काम आणि तू करतेस."

वर्गात माझी एवढी अब्रू कधी गेली नव्हती. पाणबुड्या अजून टीव्हीच्या टेबलावर उभा आहे, नाकाला चिमटा लावून. त्या दुपारी मी पट्टी खरवडून काढायला गेले, तर चिरंजीवांनी अडवलं. बक्षिसाचं प्रमाणपत्र त्यांच्या नावाचं आहे, ते परत द्यावं लागेल का, अशी त्यांना चिंता होती. शेवटी तडजोड झाली. नावाच्या वर 'आईकडून करून घेणारा' असं लिहिलं. ही पदवी बऱ्याच घरांत चालेल.

माझ्यावर दुसरा खटला लगेचच उभा राहिला. मी त्याची सगळी चित्रं फोटो काढून सांगलीला आजीला पाठवते. आजी ती तिच्या भजनी मंडळाला पाठवते. तिथून कुणाकुणाच्या स्टेटसला लागतात. चिरंजीव म्हणाले, "मला न विचारता?" मी हसून विषय टाळणार होते, पण रात्री बसून विचार केला तर कायदा त्याच्याच बाजूचा निघतो. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा काय, बहारीनचा २००६ चा २२ क्रमांकाचा कायदा काय, कलाकृती करणाऱ्याचं वय कुणी विचारत नाही. नोंदणी करावी लागत नाही, फी नाही, शिक्का नाही. कागदावरून पेन्सिल उचलली, की चित्र त्याचं. दोन्ही देश १८८६ च्या बर्न कराराचे सभासद. भारत १९२८ पासून, बहारीन १९९७ पासून. त्यामुळे नईममध्ये काढलेला बैल सांगलीतही त्याचाच राहतो. भारतात तो कर्त्याच्या पश्चात ६० वर्षं राखीव. म्हणजे आमच्या फ्रीजवर शुद्ध खाजगी मालमत्तेचा एवढा साठा आहे, आणि मी त्यावर वांग्याच्या भावाच्या चिठ्ठ्या लावते.

आता पाठवण्याआधी विचारते. बहुतेक वेळा 'पाठव' म्हणतो. एकदा 'नको' म्हणाला. त्या चित्रात मी होते, लाटणं घेऊन, आणि खाली लिहिलं होतं, 'कुणाचंही न बघता'. ते मी पाठवणारच नव्हते, पण त्याचं 'नको' ऐकून बरं वाटलं.

राहिला पहिल्या बोटीचा निकाल. तो मी दिलाच नाही, दोघांनी आपापसात लावून घेतला. मागच्या शनिवारी एक नवीन चित्र फ्रीजवर आलं. बोट तीच, पण या वेळी तिच्या भोवती लाटा, जेलीफिश, दूर मनामाच्या उंच इमारती आणि स्ट्रॉनं समुद्रच पिणारा एक बैल. खाली वाकड्या अक्षरात, 'बोट तिची. बाकी समुद्र माझा.' "तिची म्हणजे कुणाची रे?" मी विचारलं. नाव लिहायला पुढे जागा पुरली नाही, म्हणाला. नाव मागच्या बाजूला आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांसह. ते वाचायचं, तर लोहचुंबक काढून चित्र उलटं करावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरची रोज शाळेतून येताना ते उलटं करून बघून जाते.